शिजेपर्यंत चार टाके: धावपळीच्या दिवसांत स्वयंपाक आणि सुईकाम एकत्र कसं बसवावं

नोकरी, घर, मुलं, आजारपणं यांतून सलग मोकळा तास क्वचितच हाती लागतो. म्हणून "निवांत वेळ मिळाला की भरतकाम काढू" म्हणणाऱ्यांची भरतकामाचं कापड ताणून धरणारी रिंग माळ्यावरच राहते आणि "सुट्टीत नीट स्वयंपाक करू" म्हणणारे सुट्टीच्या दिवशी दमून बाहेरून मागवतात. खरं तर स्वयंपाकात नुसतं थांबण्याचा वेळ भरपूर असतो, आणि सुईकामात हवं तिथे थांबवता येणारी कामंही भरपूर असतात. या दोघांची जोडी जुळवली की दोन्ही छंद एकाच संध्याकाळी मार्गी लागतात. जोडी मात्र विचार करून जुळवावी लागते. चुकली तर भांडंही करपतं आणि टाकेही उसवावे लागतात.

पायरी १: कोणत्या पदार्थात किती उसंत आहे ते पाहा

स्वयंपाकातल्या कामांचे मी तीन प्रकार करते: हात अडकवणारी, डोळे अडकवणारी आणि नुसतं घड्याळ अडकवणारी.

चिरणं, मळणं, लाटणं, वाटणं ही हात अडकवणारी कामं. त्यांच्याबरोबर दुसरं काही होत नाही. डोळे अडकवणारी कामं फसवी असतात, कारण हात मोकळे दिसतात. दूध उतू जायला क्षणभर पुरतो. कांदा मंद आचेवर गडद तपकिरी व्हायला पाऊण तास लागू शकतो, पण तो सारखा हलवावा लागतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत तर नजर हटवायची सोय नसते. पाक, सुकामेवा भाजणं, कोरडे मसाले परतणं हे सगळं याच गटातलं. तळण चालू असताना तर सुई हातात घ्यायचीच नाही, यात कसलीही सूट नाही. तापलेलं तेल लक्ष नसताना पेटतं आणि तेव्हा हातात लोकर असणं ही सगळ्यात वाईट वेळ.

आपल्या उपयोगाचा आहे तो तिसरा प्रकार. प्रेशर कुकरमध्ये कडधान्य शिजणं, भात आचेवरून उतरवल्यावर झाकून १० मिनिटं मुरणं, कणीक अर्धा तास भिजणं, यीस्टचं पीठ तास-दीड तास फुगणं, अख्खे बटाटे २० ते ३० मिनिटं उकडणं, २०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये भाज्यांचे तुकडे ३०–४० मिनिटं भाजणं (मध्ये एकदा उलटायचे), भाज्यांचं सूप मंद उकळणं. या वेळात तुम्ही जवळपास असणं पुरतं.

एक आठवडा स्वतःच्या रोजच्या पदार्थांकडे या नजरेनं पाहा आणि कोणत्या पदार्थात किती मिनिटांचा सलग थांबा मिळतो ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा सुईकामासाठी धरू नका. त्यात भांडी घासून होतात, तेच बरं.

पायरी २: कुठेही सोडता येईल असं सुईकाम निवडा

बहुतेक जण इथेच घसरतात. नक्षी आवडली म्हणून काम हाती घेतात. ते मध्येच सोडता येतं का, हे पाहत नाहीत. धावपळीच्या घरात हा प्रश्न नक्षीच्या आधी विचारायला हवा.

क्रोशे या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं. त्यात कोणत्याही क्षणी बहुधा एकच फासा मोकळा असतो. कुकरकडे धावायचं झालं तर तो फासा थोडा ओढून लांब करायचा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवायची, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. साधे चौकोन, मुक्या खांबांची पट्टी, खांबांचा रुमाल (मुका खांब आणि खांब हे क्रोशेचे साधे टाके) यांत डोकंही फार लागत नाही. एकच पथ्य: ओळ संपली की खांब मोजायचे. नवशिक्यांची पट्टी वर जाता जाता त्रिकोणी होते, कारण ओळीचा शेवटचा खांब घ्यायचा राहून जातो. स्वयंपाकाकडे अर्धं लक्ष असताना ही चूक हमखास होते. पहिल्या आणि शेवटच्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवला की मोजायचंही काम उरत नाही.

दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. ते निसटण्याची भीती जास्त, म्हणून ओळ पूर्ण करूनच खाली ठेवायची सवय लावा. मध्येच उठावं लागलंच तर परत आल्यावर "मी कोणत्या दिशेला विणत होते?" हा प्रश्न पडतो. तेव्हा लोकर कुठून निघते ते पाहा. ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून गुंड्याकडे जाणारी लोकर निघते, ती सुई उजव्या हातात धरायची (उजव्या हातानं विणणाऱ्यांसाठी). स्वयंपाकघराजवळ सगळ्या ओळी सुलट असलेली वीण घ्या. तिला मोजणी लागत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. जाळीची वीण हवीच असेल तर दर काही ओळींनंतर एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवा. गडबड झाली तर तिथपर्यंतच उसवावं लागतं, खालचं काम वाचतं.

क्रॉस स्टिच, म्हणजे मोजून घातलेल्या फुल्यांचं भरतकाम, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सोडायला ते सोपं, कारण सुई कापडात अडकवली की झालं. पण ते मोजणीचं काम आहे आणि मोजणी आणि फोडणी एका डोक्यात राहत नाहीत. मार्ग एकच: मोजणीचा भाग आधी शांतपणे करून घ्यायचा. म्हणजे एका रंगाच्या भागाची बाह्यरेषा आदल्या दिवशी भरायची आणि आतली भरणी स्वयंपाकाच्या थांब्यात करायची. फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला हवा. तुकड्यातुकड्यांत काम करताना ही दिशा बदलते आणि ते उजेडात लगेच दिसतं. कापडाच्या कोपऱ्यात एक मोठी फुली नमुन्यादाखल घालून ठेवा.

मुक्त, म्हणजे मोजणी न लागणाऱ्या भरतकामात साखळी टाका, उलटी टीप, देठाचा टाका हे थांब्यांना चांगले. गाठीचे टाके आणि रंगछटांची भरणी शांत वेळेसाठी राखून ठेवा, त्यांना हाताचा एकसारखा ताण लागतो. स्वेटरच्या मापांचंही तसंच. दमलेल्या हाताची वीण कधी घट्ट तर कधी सैल पडते. १० सेंटिमीटरच्या नमुन्यात किती टाके बसतात हे सुट्टीच्या सकाळी मोजलं आणि विणलं मात्र रोज रात्री दमून, तर माप जुळायचं नाही. नमुनाही त्याच वेळी विणा ज्या वेळी काम करणार आहात.

आणि शिवणयंत्र? या जोडीत ते बसत नाही. पायाखाली यंत्र आणि गॅसवर भांडं, हे नको.

पायरी ३: काम किती मोठं आहे ते आधीच मोजा

अर्धवट कामांचा ढीग आळसामुळे साचतो असं मानलं जातं. माझ्या मते त्याला चुकीचा अंदाज जास्त कारणीभूत असतो. क्रॉस स्टिचचं उदाहरण घेऊ. १४ काउंटच्या आयडा कापडावर (फुल्यांसाठी सारख्या अंतरावर छिद्रं असलेलं कापड) एका इंचात १४ फुल्या बसतात. ५ इंच बाय ५ इंचाची भरगच्च नक्षी म्हणजे ७० गुणिले ७०, अर्थात ४,९०० फुल्या. पंधरा मिनिटांत तुमच्या ४० फुल्या होत असतील तर त्याला साधारण ३० तास लागतील. रोज २० मिनिटं मिळाली तर तीन महिने. ५ इंच ऐकायला किती छोटं वाटतं! त्यामानानं २ इंचाची नक्षी ७८४ फुल्यांत, म्हणजे पाच तासांत संपते. पहिलं काम दोन ते तीन आठवड्यांत संपेल एवढंच घ्या.

क्रोशेसाठी हिशोब सोपा आहे. एक चौकोन विणून वेळ मोजा आणि चौकोनांच्या संख्येनं गुणा. लोकर मात्र एकदमच घ्या. गुंड्याच्या कागदी पट्टीवर, लोकर कोणत्या खेपेत रंगवली त्याचा क्रमांक (डाय लॉट) छापलेला असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. रंगाचं नाव तेच असूनही क्रमांक वेगळा असेल तर विणलेल्या कामाच्या मध्यभागी रंगाची पायरी दिसते.

पायरी ४: तयारीची एक बैठक

संध्याकाळच्या दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यातली पाच मिनिटं सुई ओवण्यात आणि गुंता सोडवण्यात गेली तर उरलं काय? म्हणून आठवड्यातून एकदा, डोकं ताजं असताना, तास-सव्वा तास फक्त तयारीला द्यावा. याच बैठकीत स्वयंपाकाचीही तयारी होते.

दोऱ्यापासून सुरुवात करा. भरतकामाचा दोरा सहापदरी असतो आणि नेहमीची लडी ८ मीटरची. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटरचे तुकडे कापा. एका लडीचे १६ तुकडे होतात आणि दोन पदरांनी भरायचं असेल तर प्रत्येक तुकड्यातून तीन, असे ४८ दोरे मिळतात. पदर सोडवताना एका वेळी एकच पदर वर ओढायचा. दोन-तीन एकदम ओढले की गाठ बसलीच. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागेल हा हिशोब चुकतो, कारण तो कापडातून वारंवार जाऊन पिंजतो आणि गुंतत राहतो.

पाच-सहा सुया एकदमच ओवून टाचणीच्या उशीत रंगाप्रमाणे लावून ठेवा. सुयांच्या क्रमांकाबद्दल एक लक्षात ठेवा: हातशिलाई आणि भरतकामाच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, तर विणकामाच्या सुया आणि क्रोशेचे हूक मिलिमीटरमध्ये मोजले तर आकडा मोठा म्हणजे जाडी जास्त. क्रॉस स्टिचला बोथट टोकाची सुई घ्या, तयार छिद्रांतून ती धागा न फाडता जाते.

दोन पदरी कामाची सुरुवात गाठीशिवाय करता येते. दोन वेगळे पदर घेण्याऐवजी एकच पदर दुप्पट लांबीचा घ्या, मधोमध दुमडा आणि त्याची दोन टोकं सुईत ओवा. दुमडलेला फासा मागच्या बाजूला थोडा बाहेर ठेवून पहिला टाका घाला आणि सुई खाली आली की त्या फाशातून काढून ओढा. दोरा पक्का बसतो आणि मागे गाठीचा उंचवटाही येत नाही.

आता स्वयंपाकाची बाजू. एकच मूळ पदार्थ जास्त प्रमाणात शिजवून त्याचे दोन-तीन प्रकार करणं हा धावपळीतला सगळ्यात किफायती उपाय. छोले रात्री ८ ते १२ तास भिजवून सकाळी एकदम शिजवले तर एक भाग रस्स्याला, एक सलाडला आणि एक फ्रीजरमध्ये जातो. शिजलेली कडधान्यं गोठवून छान टिकतात. शिजलेला बटाटा मात्र गोठवल्यावर रवाळ आणि पाणचट होतो, तो ताजाच करावा.

राजम्याबाबत हयगय नको. कच्च्या राजम्यात असलेल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या आणि पोटदुखी होते. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात तो खळखळून उकळा, किमान १० मिनिटं, खात्रीसाठी ३०. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट घालू नका, तिथे पुरेसं तापमान गाठलं जात नाही.

शिजवून ठेवायचं म्हणजे थंड करायचंही शिकायला हवं. ४ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. खोल पातेलं आतून तासन्‌तास गरम राहतं. ते उथळ डब्यांत विभागून फ्रिजमध्ये ठेवा. भाताची विशेष काळजी घ्यायची, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात ते पुन्हा वाढीला लागतात. फ्रिजमधलं शिजलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवा आणि खाताना नुसतं कोमट न करता वाफा येईपर्यंत नीट तापवा.

पायरी ५: जागा, पिशवी आणि सुयांची मोजदाद

सुईकाम ओट्यावर नको. स्वयंपाकघर दिसेल आणि वास येईल अशी, पण आचेपासून दूर खुर्ची ठेवा. अॅक्रिलिक लोकर उष्णतेनं वितळते, आणि लोंबणारा कुठलाही धागा आचेजवळ धोक्याचाच. तेलाची वाफ कापडावर बसते ती लगेच दिसत नाही, पुढे पिवळट थर म्हणून दिसते.

एका चेन असलेल्या पिशवीत चालू काम, छोटी कात्री, टाचणीची उशी आणि नमुन्याचा कागद एवढंच ठेवा. दुसरं काम या पिशवीत शिरू देऊ नका. बसताना सुया मोजा आणि उठताना परत मोजा. सुई तोंडात धरायची नाही, सोफ्यात किंवा अंगावरच्या कपड्यात खोचायची नाही. अन्न बनतं त्या घरात हरवलेली सुई ही थट्टेची गोष्ट नाही. पिशवीत एक लहान लोहचुंबक असू द्या.

काम घेण्याआधी हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. उलट दिशेनंही तेच, कारण लोकरीचे तंतू बोटांना चिकटून पिठात जातात. बोटाला सुई टोचून कापडावर रक्ताचा ठिपका पडला तर लगेच थंड पाण्यानं टिपा. गरम पाणी लावलं की डाग पक्का होतो.

वेळ लावण्यासाठी फोन वापरू नका. गजर बंद करायला फोन हातात घेतला की पंधरा मिनिटं कुठे जातात कळत नाही. साधा फिरवायचा टायमर घ्या आणि तो उठून जाऊन बंद करावा लागेल असा गॅसजवळच ठेवा.

एक संध्याकाळ प्रत्यक्षात

समजा सात वाजता घरात आलात आणि कडधान्य सकाळपासून भिजत आहे. पहिली १५ मिनिटं पूर्ण स्वयंपाकाला: कुकर लावायचा, भाज्या चिरून तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये, तांदूळ धुऊन बाजूला. सव्वासातला टायमर १५ मिनिटांचा. या वेळात क्रोशेचा एखादा चौकोन होतो. साडेसातला भाज्या उलटायच्या, कुकर बंद करायचा, भात चढवायचा. भाताला उकळी येईपर्यंत डोळे अडकलेले, तेव्हा ओटा आवरून घ्या. उकळी आल्यावर आच मंद करून झाकण ठेवलं की पुन्हा १० मिनिटं आणि भात मुरतानाची १०. कडधान्याला फोडणी शेवटी, तीही पिशवीची चेन लावून झाल्यावर. सव्वाआठच्या आसपास जेवण तयार आणि जवळपास ३५ मिनिटं सुईकाम झालेलं.

रोज असं जमणार नाही. मुलांचा अभ्यास, एखादा लांबलेला फोन, डोकेदुखी यातलं काहीतरी असतंच. आठवड्यातून तीन संध्याकाळी जमलं तरी हिशोबात धरलेलं काम पुढे सरकतं. ज्या दिवशी दोन्ही नको वाटेल त्या दिवशी फ्रीजरमधला डबा काढा आणि सुई पिशवीतच राहू द्या.

डोळे, मान, मनगट

उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. गडद कापडावर रात्री काम करायचंच असेल तर मांडीवर पांढरा कपडा पसरा, छिद्रांतून तो पांढरा दिसतो आणि मोजायला सोपं जातं. दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण २० फूट लांब पाहा. कोपरांखाली उशी घेतली की खांदे वर खेचले जात नाहीत. मनगट किंवा अंगठा दुखू लागला तर त्या दिवशी थांबायचं, कारण चिरणं आणि मळणंही त्याच हातानं करायचं आहे.

लहान दुरुस्त्या: सगळ्यात दुर्लक्षित सुईकाम

नवीन काही शिकायची ताकद नसेल तेव्हा घरातली तुटलेली बटणं आणि उसवलेल्या शिवणी एका डब्यात गोळा करा. दहा मिनिटांच्या थांब्याला याहून योग्य काम नाही. बटण लावताना वर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली तयार झालेल्या सैल धाग्यांभोवती दोरा पाच-सहा वेळा गुंडाळून गाठ मारा. या छोट्या मानेमुळे जाड कापडातही काज सहज बसतं आणि बटण लवकर तुटत नाही.

पायरी ६: झालेलं काम धुणं आणि इस्त्री

स्वयंपाकाशेजारी झालेलं काम न धुता भेट देऊ नका किंवा भिंतीवर लावू नका. काम चालू असतानाही रोज उठताना रिंग काढून ठेवा. आठवडाभर तशीच राहिली तर कापडावर तिचा गोल वळ उठतो, आणि वळात तेलकट धूळ बसली की तो धुऊनही जात नाही. सुती भरतकाम थंड पाण्यात सौम्य साबणानं हलक्या हातानं धुवा. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. लाल किंवा गडद रंग सुटताना दिसला तर कापड वाळू देऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा. ओला रंग निघतो, वाळलेला बसतो.

इस्त्री जाड टॉवेलवर, भरतकाम पालथं ठेवून, कापड किंचित दमट असताना. म्हणजे टाके चेपत नाहीत. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून घट्ट होते, तिला थंड पाणी आणि सपाट जागेवर वाळवणं. अॅक्रिलिक विणीवर गरम इस्त्री थेट टेकवायची नाही. नक्षी पाण्यानं जाणाऱ्या पेननं काढली असेल तर आधी ती शाई पूर्ण धुऊन गेली आहे का, ते उजेडात धरून पाहा. इस्त्रीच्या उष्णतेनं तिची रेघ कायमची पक्की होऊ शकते.